तिथीची पाऊणपट: साष्टी बेटाच्या कडेकडेने

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली लोकल कळव्याच्या अलीकडे खाडीवरचा पूल ओलांडते. डब्यात कोणी मोबाईलमधून मान वर काढत नाही, पण तेवढ्या वेळात अख्खी गाडी बेटावरून मुख्य भूमीवर उतरलेली असते. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, म्हणजे बेटाच्या कडेपर्यंत आली. खाडी ओलांडून कल्याण गाठायला 1854 उजाडलं. दक्षिणेकडची माहीमची खाडी भरावाने आवळत गेली, पण बाकीचं पाणी जागच्या जागी आहे: पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. मधे साष्टी. मुलुंड, भांडुप, बोरिवली, अंधेरी आणि आमचं ठाणं, सगळं त्याच बेटावर.

माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांच्या नावाने पैसे साठवतोय. आर्क्टिक वृत्ताच्या वरची बेटं, समुद्रातून सरळ उभे राहिलेले डोंगर, हिवाळ्यात डोक्यावर ध्रुवीय प्रकाश. निसर्गचित्रं काढणाऱ्यांची पंढरीच ती. मी त्याला म्हटलं, "बेटंच हवीत ना तुला? मग पायाखालचं आधी बघून घे." तो हसला. पण मार्चअखेरीस सुट्ट्या शिल्लक होत्या आणि नॉर्वेचं तिकीट काही स्वस्त होत नव्हतं. चैत्रातली एकादशी ते पौर्णिमा असा बेत ठरला. रोज रात्री घरी झोपायचं, सकाळी बेटाच्या वेगळ्या कडेला जायचं.

तारखा सोडून तिथ्या का, तर भरतीमुळे. कोकणपट्टीत जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, आली ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. मोबाईलवर मिनिटामिनिटाचे तक्ते मिळतात आणि ते अर्थातच अधिक बरोबर असतात, पण महिनाभराचा बेत आखायला कालनिर्णयचं पान पुरतं. बाहेरची मंडळी फक्त सूर्योदय बघून येतात आणि मग चिखल तरी नाही नाहीतर पक्षी तरी नाहीत म्हणून हळहळतात. या किनाऱ्यावर पहिला मान पाण्याचा, उजेडाचा नंतर.

चैत्र शुद्ध एकादशी, ऐरोली

एकादशीची पाऊणपट सव्वाआठ. खाडी आत शिरत शिरत अरुंद होते, त्यामुळे ऐरोलीला पाणी त्याहून थोडं उशिराच चढतं. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास. म्हणजे ऊन कोवळं असताना पाणी चढत असणार. रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, याहून चांगली सकाळ मिळत नाही.

ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटी सुटतात. फेऱ्यांच्या वेळा भरतीवर ठरतात, म्हणून रोज वेगळ्या. आधी नोंदणी करावी लागते, आणि रविवारी जागा मिळायला नशीब लागतं. आम्ही मधल्या वारी गेलो.

बोटीला अवकाश होता तोवर तिवरांतून जाणाऱ्या लाकडी वाटेवर रेंगाळलो. इथले लोक घाईघाईने निघून जातात ती हीच जागा, आणि मला विचाराल तर अर्धी चित्रं इथेच आहेत. तिवराच्या पानावर सकाळी मिठाचे बारीक कण चमकतात. मुळांनी खारं पाणी ओढायचं आणि नको ते मीठ पानावाटे बाहेर टाकायचं, असा त्या झाडाचा उद्योग. बोट फिरवून जिभेला लावलं, खारट लागलं. खाली चिखलातून श्वसनमुळांचे हजारो खुंट वर आलेले, आणि त्यांच्यामधून निवट्या पोटाने सरकत होत्या. मासा असून पाण्याबाहेर राहतात या. त्यांचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात आणि मधूनच ते खोबणीत आत ओढून ओले करून पुन्हा वर काढतात. दादाने मॅक्रो लेन्स लावून वाटेवर आडवं पडून त्या डोळे मिचकावण्याची वाट बघितली. मागून येणाऱ्या आजोबांनी "बरं वाटत नाहीये का याला?" असं मला विचारलंसुद्धा.

बोट निघाली. 2015 साली या खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि 2022 मध्ये ठाणे खाडी जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. कागदोपत्री हे मोठं नाव. प्रत्यक्षात पहिली ओळख नाकाला होते, कारण खाडीला वास येतो. सांडपाण्याचा, चिखलाचा, आणि तो लपवण्यात अर्थ नाही, कारण गुलाबी रंगाची गोष्ट तिथूनच सुरू होते. शहराच्या सांडपाण्यातून पोषकद्रव्यं येतात, उथळ चिखलात सूक्ष्म शेवाळ माजतं, आणि लहान रोहित ते गाळून खातात. पिसांचा रंग त्या शेवाळातल्या रंगद्रव्यांतून येतो. मान खाली, चोच उलटी, आणि जिभेने पाणी आत-बाहेर. मोठा रोहित उंच, पांढुरका, चोच गुलाबी नि टोकाला काळी. लहान रोहिताची चोच गडद किरमिजी, दुरून काळीच वाटते. थव्यात लहानच जास्त.

बोट चालवणाऱ्या काकांनी इंजिन मंद केलं. दादा म्हणाला, "काका, जरा जवळ घ्या ना." काका म्हणाले, "घाई नको. पानी चढू दे, तेच सरकतील इकडं." तसंच झालं. पाणी चिखलावर पसरत गेलं तसे पुढचे पक्षी दोन-दोन पावलं मागे, म्हणजे आमच्या बाजूच्या उंच चिखलाकडे येत गेले. बोट जागची हललीसुद्धा नाही.

आता थोडं कामाचं. गुलाबी पक्ष्यावर सकाळचं पिवळं ऊन पडलं की कॅमेऱ्याचा लाल चॅनल आधी भरून जातो. साधा हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, सगळं ठीक सांगतो आणि घरी आल्यावर पिसांच्या जागी एकसलग गुलाबी पट्टा दिसतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवावा आणि एक्स्पोजर अर्ध्या-पाऊण स्टॉपने खाली घ्यावं. इंजिनाची थरथर तिवईतून वर चढते, म्हणून बोटीत तिवई नकोच. काठावर धान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवावी. शटर 1/2000 च्या आसपास, कारण उडताना हे पक्षी आधी पाण्यावर धावतात आणि पंखांखालचा काळा-लाल रंग क्षणभरच उघडतो. नऊनंतर चिखल तापतो, हवा लहरायला लागते, आणि मग कितीही महागाची लेन्स असो, पक्षी मऊच येतात. तेव्हा कॅमेरा ठेवून डोळ्यांनी बघावं.

आणि आमचं भांडण. सकाळी सूर्य नवी मुंबईच्या मागून वर येतो आणि सगळा उजेड समोरच्या काठावर पडतो. त्यामुळे रोहितांच्या मागे मुलुंड-भांडुपचे टॉवर, त्यांच्या मागे येऊरचा डोंगर, आणि मधे खाडीत उभे उच्चदाब वाहिनीचे लोखंडी मनोरे, असं सगळं स्वच्छ दिसतं. दादा खाली वाकून, लेन्स लांबवून, फक्त पक्षी आणि पाणी तेवढं घेत होता. एक मनोरा चुकवता येईना तर म्हणाला, "घरी गेल्यावर काढून टाकीन. दोन सेकंदांचं काम आहे." मी म्हटलं, "मग ही कच्छची खाडी झाली. ठाण्याची कुठे राहिली?" हे पक्षी त्या शहराचंच सांडपाणी गाळून गुलाबी झालेत. शहर खोडलं तर पक्ष्यांचं जेवणही खोडलं. शिवाय त्या तारांमधून थवा वळसा घेतो, तो वळसाच किती सुंदर असतो! तो म्हणाला, "लोकांना जंगल बघायचं असतं." ते मला पटलं नाही, अजूनही पटत नाही.

परतताना शेजारच्या बोटीतून कोणीतरी कुरवांना शेव फेकत होतं, आणि तिघंजण कॅमेरे सरसावून ते टिपत होते. त्या चित्रांना मी निसर्गचित्रं म्हणणार नाही.

द्वादशी, नेरूळ

भरतीला खाडीतला चिखल बुडतो. मग हे हजारो पक्षी कुठे जातात? काठावरच्या पाणथळींत. नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला अशा जागा आहेत: टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची आणि डीपीएस शाळेजवळचं तळं. खाडीत पाणी भरलं की थवे उडून इथे येतात, एका पायावर उभे राहतात आणि ओहोटी लागेपर्यंत विसावतात. म्हणून इथे यायचं ते भरतीला. द्वादशीची पाऊणपट नऊ. आम्ही आठच्या आधी हजर.

चाणक्यच्या मागे शेकाट्यांची लांबच लांब रांग होती आणि मधे रोहितांचा थवा. पक्षी झोपलेले असल्याने हालचाल नाही, म्हणून इथे तिवई कामाची. मी लेन्स बदलून रुंद घेतली. पाणी, पक्षी, त्यांच्या मागे इमारतींच्या गच्च्या, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी. दादाने एकदा माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. ते मी होकार म्हणून धरलं.

डीपीएस तळ्याची गोष्ट वेगळी. या तळ्यात भरतीचं पाणी आत-बाहेर व्हायला वाट लागते. 2024 च्या उन्हाळ्यात ती अडली, तळं कोरडं पडलं आणि इथे रोहित मरण पावले. वर्तमानपत्रांत ते बरंच गाजलं. त्यानंतर 2025 मध्ये तळं संवर्धन राखीव करण्याला राज्य पातळीवर मंजुरी मिळाली. विसाव्याच्या जागा वाचवायच्या म्हणजे नुसतं कुंपण घालून भागत नाही, रस्त्याखालचा नळा मोकळा राहावा लागतो. फोटोत नळा दिसत नाही, पण आम्ही त्याचाही एक काढला. काँक्रीटचा, तोंडाशी प्लास्टिक अडकलेलं, आणि त्यातून भरतीचं पाणी बारीक धारेने आत येतंय. रोहितांच्या अख्ख्या अल्बममध्ये मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दादा म्हणतो, त्याला एकही लाईक मिळणार नाही. मिळणार नाहीच.

एकाने ड्रोन आणला होता. तिथल्या सुरक्षारक्षकाने त्याला नियम ऐकवून परत पाठवलं, ते बरंच झालं. ड्रोनच्या आवाजाने उठलेला थवा विसाव्याचे दोन तास गमावतो.

त्रयोदशी, येऊर

आज पाण्याला सुट्टी. बेटाच्या पोटातला डोंगर. चैत्रात येऊरला यावं ते कोशिंबासाठी. नवी पालवी लालभडक, उन्हाच्या उलट बाजूने बघितली तर पानापानातून प्रकाश आरपार येतो. ध्रुवीकरण फिल्टर लावला की पानांवरची चकाकी जाते आणि रंग खुलतो. करवंदं फुलली होती. तांबट कुठेतरी ठोकत होता, दिसला नाही. बिबट्याच्या पायाचा ठसा दादाने दाखवला, मला तो कुत्र्याचा वाटला, त्यावर चहा होईपर्यंत वाद झाला. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. इथे उमटली होती.

चतुर्दशी, गायमुख आणि घोडबंदर

बेटाची उत्तरेची कड. घोडबंदर रस्ता इथे डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो, आणि त्याच पट्टीत सगळी कंटेनरची वाहतूक. गायमुखला रस्त्यावरून खाली उतरलं की आवाज मागे पडतो, धूळ पडत नाही. पलीकडे भिवंडी तालुका.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे एकसंध जंगल असल्याचा अनेकांचा समज असतो. त्याचा नागला विभाग या खाडीच्या पलीकडे, ससूनवघरच्या बाजूला आहे. एक राष्ट्रीय उद्यान, मधून खाडी, आणि दोन तुकड्यांपैकी मोठा बेटावर. नकाशात बघून हे कळत नाही. घोडबंदरच्या किल्ल्यावर उभं राहिलं की एका नजरेत दोन्ही काठांचे डोंगर येतात. किल्ला पोर्तुगीजांचा, 1737 च्या साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. तो इथेच का बांधला हे सांगायला इतिहासकार नको, खालून जाणारं पाणी बघितलं की पुरे.

चतुर्दशीची पाऊणपट साडेदहा, म्हणजे तळची ओहोटी दुपारी उशिरा. आम्ही चारला पोचलो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, जो चिखल कधी उघडा पडत नाही तो आज दिसतो. उघड्या चिखलात ओहोळांचे फाटे पडले होते, पिंपळपानाच्या शिरांसारखे, जाडापासून बारकापर्यंत. प्रत्येकात अजून थोडं पाणी, आणि त्या पाण्यात पश्चिमेचं ऊन. किल्ल्याच्या उंचीवरून खाली लेन्स रोखली तर ड्रोनची गरजच नाही.

वारा मात्र आडवा आला. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि खाडी विस्कटते, प्रतिबिंब विसरायचं. दादाने काळी काच काढली, दहा स्टॉपची एनडी, आणि तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. त्याने लाटांचा खडबडीतपणा जातो आणि पाण्याला एक फिकट तकाकी येते. प्रतिबिंब येत नाही ते नाहीच. नांगरलेल्या होड्या तीस सेकंदांत डोलल्या आणि त्यांच्या कडा पुसट आल्या. एकच होडी तेवढी चिखलात रुतलेली, ती खणखणीत. मला वाटतं, फेरीतलं दादाचं सगळ्यात चांगलं चित्र हेच. यात काढून टाकण्यासारखं काहीच नव्हतं, असं तो म्हणाला. मागे पुलावरून जाणाऱ्या ट्रकच्या दिव्यांची लांब लाल रेघ उमटली होती, ती त्याने तशीच ठेवली.

धुरकटपणाबद्दल एक. चैत्रात ठाण्याची हवा स्वच्छ नसते, लांबचे डोंगर फिकट दिसतात. बरेचजण संगणकावर तो धुरका ओढून काढतात आणि आकाश जळकं करून ठेवतात. राहू द्यावा. एकामागे एक डोंगरांच्या पट्ट्या सुट्या दिसतात त्या धुरक्यामुळेच.

पौर्णिमा, चेंदणी

पहाटे हनुमान जन्माचा सुंठवडा खाल्ला, दुपारी झोप काढली. आज संध्याकाळी काय होणार ते हिशेबानेच ठरलेलं. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे सूर्यास्ताच्या आसपास तळची ओहोटी. आणि पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो. पूर्वेला पारसिकचा डोंगर. तेव्हा ठाण्याच्या पूर्वेच्या काठावर, चेंदणीला, उभं राहिलं की समोर उघडा चिखल, मधून रेल्वेचे पूल, पलीकडे कळवा, आणि पारसिकच्या मागून चंद्र. हे सगळं एका फ्रेममध्ये यायला पौर्णिमाच लागते.

चंद्र काढताना उजेडाचा मेळ फार थोडा वेळ जमतो. उगवल्या उगवल्या आभाळात संध्याकाळचा उजेड असतो, तेव्हा चंद्राची चकती आणि खालचा चिखल दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात. वीसेक मिनिटं गेली की आभाळ काळं, चंद्र पांढरा गोळा, आणि मग चंद्र धरा नाहीतर जमीन. धुरक्यामुळे चंद्र डोंगरापासून थोडा वर आल्यावरच दिसला, तांबूस. पुलावरून कल्याण गाडी गेली तेव्हा दादाने शटर दाबलं. त्या वेळी मी त्याच्याकडे बघत होते: गाडी जायची वाट बघत नव्हता, गाडी यायची वाट बघत होता.

जाळं विणत बसलेले एक कोळी काका मघापासून आमच्याकडे बघत होते. "काय मिलतं यात?" म्हणाले. दादाने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. ऐरोलीचे रोहित, नुसते पक्षी नुसतं पाणी. काकांनी मान हलवली. "कुठला हाय हा?" ऐरोलीचा, दादा म्हणाला. पुढचं, तसंच. "हा कुठला?" तोही ऐरोलीचा. मग माझा कॅमेरा घेतला आणि त्यात मनोऱ्याचं चित्र आलं, तारांमधून वळणारा थवा, मागे टॉवर. काकांनी चष्मा वर केला. "हा आपला. ह्या टॉवरपासून जरा खाली, तिथं आम्ही जाळी लावतो. ह्या तारेच्या खाली खोल हाय, बोट लागत नाही." बोटाने त्यांनी स्क्रीनवर मनोऱ्यापासून भांडुपच्या इमारतीपर्यंत एक रेघ ओढली. खुणा. पाण्यावर जागा ओळखायची ती अशी, दोन उंच गोष्टी एका रेषेत आणून. पूर्वी डोंगराचं टोक असेल, आता टॉवर.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी चंद्राकडे पाहिलं.

"हा मला मोबाईलवर पाठव," काका त्याला म्हणाले. "बाकीचे नको. ते कुठले पन असतील."